स्पष्ट अभिप्राय द्यावा

कॅटलॉग चाळीस पानांचा होता आणि पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. 'फारच छान, साहेब. तुमच्या नजरेला तोड नाही.' खाली अंगठा वर केलेलं एक गुबगुबीत अस्वल. वेळ मला नेमकी माहीत होती, कारण दहा वाजून पाच मिनिटांनी पाठवायचं हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं; बरोबर दहाला पाठवलं तर माणूस दहा वाजायची वाट बघत बसला होता असं दिसतं. दहा वाजून नऊ मिनिटांनी अस्वल आलं. चार मिनिटांत चाळीस पानं म्हणजे पानाला सहा सेकंद, आणि कंपनीत कामाच्या वेळात असं काही उघडून बघायचं तर आधी आजूबाजूला बघावं लागतं, त्यातच एक मिनिट जातं. मी खुर्चीत बसून हिशेब करत राहिलो. मग दुसरं उत्तर आलं, मग तिसरं. 'छान', 'मनाला भिडलं', 'आमच्या वडिलांना नक्की आवडेल'. दुपारपर्यंत अकराजणांपैकी दहाजणांची उत्तरं आली होती आणि दहाही इतकी सारखी होती, की एकाने लिहून बाकीच्यांना वाटली असावीत. मी पत्रात शेवटी मुद्दाम लिहिलं होतं : 'कृपया भीड न ठेवता स्पष्ट अभिप्राय द्यावा. मी तुम्हाला नेहमी दिला तसाच.' हे वाक्य मला फार जमून आल्यासारखं वाटलं होतं. त्यात जुना अधिकारही होता आणि विनंतीही.

हे अकराजण माझ्या हाताखालचे. कपड्यांच्या कंपनीत मी चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पंधरा डिझाइन विभागाचा प्रमुख म्हणून. मग एका वसंतात कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले. माझ्या टेबलावरच्या फॉर्मवर नाव आधीच छापलेलं होतं : प्यो इनसोक. स्वेच्छा तेवढी मी भरायची होती. मेहुण्याचं इंचॉनला तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे, तो म्हणाला, भावजी, या, गल्ल्यावर बसा. मी त्याला हसलो. बायको, मिसुक, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. तिने फक्त मुलगी बुसानला गेल्यापासून रिकामी पडलेली तिची खोली झाडून दिली. तिथे मी आठ महिने बसून बारा चित्रं काढली. आयुष्यात पहिल्यांदा. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांची चित्रं बघत होतो. बघता येतं त्याला काढता येणारच असं मी धरून चाललो होतो, आणि काढताना एकदाही मला त्याची शंका आली नाही, हेच आता चमत्कारिक वाटतं. पोचे आलेली पिवळी किटली. भोकांची कोळशाची वडी. बसकंडक्टर बायका गळ्यात अडकवायच्या ती पिशवी. डोंगराच्या वाटेवर पाठमोरा एक माणूस. ब्रँडचं नाव ठेवलं 'ओहू', म्हणजे दुपार. पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी टी-शर्ट. कॅटलॉगसाठी बँकेतून माझ्यासारखाच निवृत्त केलेला शाळेतला दोस्त कू डोंगरावर उभा राहिला, हातात तांदळाच्या दारूचा वाडगा, पोट आत ओढून, आणि त्याच्या खाली ओळ : 'दुपार अजून बरीच उरली आहे.' ही ओळ सुचली तेव्हा मी एकटाच खोलीत टाळी वाजवली होती.

अकरावी मुन सोही. तिच्याकडून चार दिवस काही आलं नाही, मग तिच्या मदतनीस मुलीने कळवलं की मुन मॅडम मंगळवारी अकरा वाजता प्रत्यक्ष भेटतील. खरं तर बाकीचे दहाजण नसते तरी चाललं असतं. सोही आता एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची संचालक होती. वसंताच्या विक्रीत कोणता नवा ब्रँड दिसणार आणि कोणता नाही, हे तिच्या खोलीत ठरायचं. पण मला तिच्या विक्रीतली जागा नको होती, किंवा नुसती जागा नको होती. मला तिने कॅटलॉग उघडावा, एका पानावर थांबावं आणि म्हणावं, साहेब, हे कुठून काढलंत. हे मी मिसुकला सांगितलं नाही. मिसुकला एवढंच म्हणालो, "तिने घेतला तर मार्चपासून सुरू." मिसुक म्हणाली, "घेईलच. तुमच्या हातची पोरगी आहे ती."

माझ्या हातची, हे खरं होतं. निदान मंगळवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत खरं होतं. तिच्या ऑफिसकडे जाणाऱ्या सॉंगसूच्या रस्त्यावर गिंकोच्या झाडांची उग्र वासाची फळं फुटून पडली होती आणि त्या वासातून बूट वाचवत चालताना मी तेच आठवत होतो. आमच्या विभागात दर शुक्रवारी परीक्षण असायचं. सहाव्या मजल्यावर लांब टेबल, त्यावर आठवड्याची चित्रं मांडलेली, अठराजण भिंतीला पाठ लावून उभे, आणि मी टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचो. नाकारलेलं चित्र मी उलटं टाकायचो. फाडणं मला कधी आवडलं नाही. फाडण्यात राग दिसतो. उलटं टाकलं की कागदाची कोरी बाजू वर येते आणि काढणाऱ्याला कळतं, की कागद आधी जास्त बरा होता. सोही आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि दुसऱ्याच शुक्रवारी तिने वाळत घातलेल्या पर्सिमनचं एक चित्र ठेवलं, दोरीला टांगलेली सात फळं आणि आठव्या जागी नुसती गाठ. मी विचारलं, "हे घालून रस्त्यावर कोण फिरेल? तू फिरशील?" ती म्हणाली, "हो." असं 'हो' तिथे कोणी म्हणत नसे. मी म्हणालो, "मग नमुना शिवून घे, घाल, आणि सोमवारी म्यॉंगदोंगच्या आपल्या दुकानाच्या दारात उभी राहा. दहा ते सहा. किती लोक चित्राकडे बघतात ते मोज." जानेवारी होता. वर कोट घालायचा नाही, हेही मी सांगितलं असावं. मंगळवारी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "चार. त्यातल्या दोघांना पत्ता विचारायचा होता." मी इतका हसलो, की बाजूच्या विभागातले लोक बघायला लागले. ही गोष्ट मी त्यानंतर किती जेवणांत सांगितली असेल याला गणती नाही. नवीन पोरं आली की पहिल्या पेल्याबरोबर सांगायचो. शेवटी म्हणायचो, ती रडली नाही, आकडा घेऊन आली. तिथे ती डिझायनर झाली. आणि सोही त्या जेवणांत असली तर मान खाली घालून हसायची, माझा पेला भरायची.

तिचं ऑफिस एका जुन्या बुटांच्या कारखान्यात होतं. विटा तशाच ठेवल्या होत्या, आत काच. मदतनीस मुलीने सातूचा चहा आणून दिला. सोही आली, वाकली, बसली. केस आखूड कापले होते, चष्मा होता. तिला तू म्हणावं की तुम्ही, हे मी जिन्यात ठरवून आलो होतो, तुम्ही म्हणायचं. पण तिच्यासमोर तोंडातून काहीच सर्वनाम निघेना आणि मी मधली वाक्यं बोलत राहिलो. ऑफिस छान आहे. इथे आधी चामडं कापायचे. चहा बरा आहे. मग तिने छापील कॅटलॉग समोर ओढला आणि पहिलं पान उलटलं.

मी पंधरा वर्षं पानं उलटणारे हात बघितले आहेत, त्यात माझेही आले. आवडलं की हात थांबतो. आवडलं नाही तरी थांबतो, कधी जास्तच थांबतो. ज्याला काही वाटत नाही त्याचाच हात एका ठेक्यात चालतो. सोही पानाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरून उलटत होती, आणि किटलीपासून कंडक्टरच्या पिशवीपर्यंत, पिशवीपासून कूच्या पोटापर्यंत, तिचा ठेका एकदाही चुकला नाही. 'दुपार अजून बरीच उरली आहे' या पानावर मी श्वास धरला. तेही गेलं. चाळिसाव्या पानानंतर तिने मागचा पुठ्ठा तळव्याने सपाट केला.

"छान आहे, साहेब," ती म्हणाली. "कागद फार चांगला निवडलात."

कागद. शुक्रवारी एखाद्याच्या चित्रात बोलण्यासारखं काहीच नसलं, की हे मीच म्हणायचो. कागद चांगला आहे. भिंतीकडचे अठराजण हसायचे. तिने ते मुद्दाम म्हटलं असं मला वाटत नाही. मुद्दाम म्हटलं असतं तर मला आनंद झाला असता.

"आणि चित्रं?"

"चित्रं कोणाची?"

"माझीच."

"तुम्ही काढता हे माहीत नव्हतं."

"नव्हतो काढत."

"चित्रांत आठवण आहे," ती म्हणाली. "त्या पिढीला जवळची वाटेल. अजून कोणाला दाखवलंत?"

"दहाजणांना. तुला धरून अकरा." 'तू' तोंडातून निघून गेलं होतं.

"काय म्हणाले?"

"छान."

तिने मान डोलावली, जणू काम झालं. ती घड्याळाकडे बघणार आणि मग आम्ही दोघं उठणार, हे मला दिसायला लागलं. मला उठायचं नव्हतं. खोलीतल्या मुलीसमोर, चहासमोर, मी म्हणालो, "सोही, तू तरी मला असं सांगू नकोस. मी तुला असं सांगितलं होतं का कधी?"

"नाही."

"म्यॉंगदोंग विसरलीस? जानेवारीत आठ तास उभी होतीस. मी ते अजून लोकांना सांगतो. सांगतो, की मुन सोही आज जी आहे ती त्या दिवसामुळे."

"माहीत आहे. माझ्या कानावर येतं."

"मग तसं सांग. मला सहन होतं."

तिने मदतनीस मुलीला काहीतरी आणायला पाठवलं, काचेचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या नाकावर चष्म्याचे दोन ठसे होते आणि त्यामुळे ती एकदम थकलेली दिसली.

"साहेब, मी उभी राहिले नव्हते."

मला वाटलं, आठ तास राहिली नव्हती, चार तास राहिली असेल. मी हसायच्या तयारीत होतो.

"मी गेलेच नव्हते," ती म्हणाली. "बसमधून उतरले, वारा लागला, आणि समोरच्या सार्वजनिक न्हाणीघरात शिरले. तिथे गरम फरशीवर संध्याकाळपर्यंत झोपले. भाजलेली अंडी खाल्ली."

"आणि चार?"

"चार मी ठरवले. शून्य सांगितलं असतं तर तुम्हाला माझी दया आली असती. दहा सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात फोन केला असता. चार तुम्हाला आवडतील असं वाटलं. पत्ता विचारणारे दोघे नंतर सुचले, अंडं सोलताना."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा विचारलं, हे कोणाला माहीत आहे. ती म्हणाली, सगळ्यांना. तिच्या आवाजात राग नव्हता. जुन्या घराचा पत्ता सांगावा तशी ती सांगत होती, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबायचंही नव्हतं. म्हणजे मीच तिला म्हणालो होतो सांग म्हणून.

"त्या दिवसानंतर मला बाकीच्यांनी सांगितलं. मी नवीन होते, मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी खरं चित्र ठेवलं. खरं चित्र शुक्रवारी वरच्या बाजूला ठेवायचं नसतं. गुरुवारी संध्याकाळी सगळे कॅन्टीनच्या मागे बसायचे आणि प्रत्येकजण एक वाईट चित्र काढायचा. मुद्दाम. त्याला आम्ही डुकराचं मुंडकं म्हणायचो. दुकान उघडताना पूजेत ठेवतात ना, तसं. तुम्ही मुंडकं उलटं टाकायचात, त्यावर बोलायचात, तुमचं समाधान व्हायचं. मग त्यामागची खरी चित्रं न बघताच सुटायची."

"सगळे काढायचे?"

"सगळे. तुमचे उपप्रमुख होते ना, वू साहेब, ते सगळ्यात चांगलं काढायचे." ती जराशी हसली. "सोपं नव्हतं ते. फार वाईट काढलं तर तुम्हाला संशय आला असता. तुम्हाला सापडेल असंच वाईट काढावं लागायचं."

बाहेर कोणीतरी कपड्यांचा रॅक ढकलत नेला. हँगर एकमेकांवर आपटल्याचा आवाज काचेतून आला आणि गेला. मी कोटाच्या आत किटलीचा शर्ट घालून आलो होतो. वेळ आली की कोट उघडून दाखवायचा, असं डोक्यात होतं. आता मी कोटाचं वरचं बटण लावून घेतलं.

"माझी नजर," मी म्हणालो. "म्हणजे ती नव्हतीच, असं?"

तिने खरोखर विचार केला. हे मला दिसलं, आणि त्या एका क्षणासाठी मी तिचा अजूनही आभारी आहे. "असेल," ती म्हणाली. "सांगता येत नाही. तुमच्यासमोर खरं काही आलंच नाही."

"मग आता हे बघ." मी कॅटलॉग पुन्हा तिच्याकडे सरकवला. "आता मी कोणी नाही. आता तर सांग."

तिने कॅटलॉग उघडला नाही. "माझ्या मुली असतात इथे," ती म्हणाली, "त्यांचं चित्र फसलं की मी त्यांच्याबरोबर बसते. दोन-दोन तास. खरं सांगायला तेवढं लागतं. नुसतं वाईट आहे म्हणणं म्हणजे सांगणं नाही, साहेब." तिने चष्मा उचलला. "तुमच्याबरोबर तेवढं बसावं असं मला वाटत नाही. राग आहे म्हणून नाही. रागही उरलेला नाही."

चष्मा घालून ती परत संचालक झाली. म्हणाली, मार्चमध्ये नव्या ब्रँडांसाठी एक पान असतं, त्यावर एक महिना ठेवू. लोक विकत घेतात, लिहितात. "लोक तुम्हाला ओळखत नाहीत," ती म्हणाली. "ते बरं असतं." मी उठून वाकलो. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्तच वाकलो, आणि सरळ होताना पाहिलं, की तीही अर्धवट उठून वाकलेली आहे, जुन्या सवयीने.

परतीच्या बसमध्ये मला एकच प्रश्न होता : ही मार्चची जागा काय आहे. खरीच जागा आहे, की हेही मुंडकंच, म्हातारा उठून जावा म्हणून पुढे ठेवलेलं. खिडकीशी बसून मी शुक्रवार आठवायला लागलो. विभागातल्या कोंगचं एक चित्र होतं, छत्री घेतलेला मासा. त्यावर मी वीस मिनिटं बोललो होतो. मासा आधीच ओला असतो, त्याला छत्री देणं म्हणजे विनोद नाही, विनोदाचा आव आहे, असं काहीतरी; आणि रंगाबद्दल, आणि रेषेतल्या भित्रेपणाबद्दल. भित्रेपणा हा शब्द मला त्या वेळी फार आवडला होता. त्या संध्याकाळी घरी जाताना मी मिसुकसाठी खेकडे घेतले होते. कोंग गुरुवारी कॅन्टीनच्या मागे बसून तो मासा काढताना किती हसला असेल. की हसलाही नसेल, कंटाळून काढला असेल, घरी जायला उशीर होतोय म्हणून. मग बॅकच्या घोड्याचं चित्र, ते खरं की मुंडकं. घुबडांचं. जिन्यांचं. एकेक उलटं टाकलेलं पान मी सरळ करत गेलो आणि एकाबद्दलही मला सांगता येईना. वाईट होती की मुद्दाम वाईट होती. सांग्ये-दोंगचा थांबा मागे गेला तेव्हा मला कळलं, की त्या दहाजणांनी परवा काही नवं केलेलं नाही. त्यांनी नेहमीचंच पाठवलं होतं. फक्त आता तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

मिसुकला म्हणालो, "घेतला. मार्चमध्ये."

"बघा," ती म्हणाली. "काय म्हणाली?"

"छान म्हणाली."

तिने लगेच भावाला इंचॉनला फोन लावला. मी मुलीच्या खोलीत शर्टांच्या खोक्यांच्या मध्ये उभा राहून ऐकत होतो. ती सांगत होती, मोठी संचालक आहे, स्वतः भेटली, ह्यांची नजरच तशी आहे. ती हे इतक्या सहज म्हणाली, की मी दार लावून घेतलं.

मार्च आला. 'ओहू' त्या पानावर तळाशी होता, मोजे आणि टोप्यांच्या मध्ये. महिन्यात एकोणीस शर्ट गेले. त्यातले पाच मेहुण्याने वेगवेगळ्या नावांनी घेतले होते, हे मला पत्ते बघून समजलं. ज्यांनी घेतले त्यांनी काही लिहिलं नाही. मी रोज सकाळी मिसुक कामाला गेली की कॉम्प्युटर उघडायचो. अठ्ठावीस तारखेला गुन्सानहून एका बाईने लिहिलं. एक तारा. 'वडिलांसाठी घेतला. गळा मोठा आहे, एका धुण्यात अजून सैल झाला, खांद्यावरून घसरतो. पाठीवरचं चित्र डाग पडल्यासारखं दिसतं, जवळ जाऊन बघितल्यावर माणूस आहे असं वाटलं. वडील म्हणाले ठेव, शेतात घालीन.' मी हे उभा राहून वाचलं, मग बसून वाचलं. ती बाई मला ओळखत नव्हती. तिला माझ्याकडून काही नको होतं, तिला मला दुखवायचंही नव्हतं. दर ओळीत एक गोष्ट होती आणि ती तिने हाताने तपासलेली होती. अशी मतं मी पंधरा वर्षांत एकदा तरी दिली होती का, हे मला आठवून बघायचं धाडस झालं नाही. खाली विक्रेत्याच्या उत्तरासाठी चौकट होती. मी लिहिलं, 'गळ्याबद्दल अजून काही सांगाल का?' पुसलं. पुन्हा लिहिलं, पाठवलं. उत्तर आलं नाही, कशाला येईल.

त्या रविवारी दुपारी मिसुक फरशीवर वर्तमानपत्र पसरून सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसली होती. अंगात कंडक्टरच्या पिशवीचा शर्ट. पहिला नमुना आल्यापासून ती घरात तोच घालायची आणि मला ते बरं वाटायचं. मी मागून स्वयंपाकघरात पाण्यासाठी चाललो होतो. तिच्या मानेखाली, गळ्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूने, बारीक टाके दिसले. त्याच रंगाचा दोरा, एकसारखे, जवळजवळ तीन बोटं लांब. तिने गळा आत घेतला होता.

मी खाली तिच्यासमोर बसलो. "गळा मोठा आहे का ह्याचा?"

तिचे हात थांबले नाहीत. "थोडा."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा धुतला तेव्हा."

"म्हणजे ऑक्टोबरात. छपाईच्या आधी." माझा आवाज चढला नव्हता. मी फक्त विचारत होतो. "मग बोलली का नाहीस?"

एक मूठ झाली, ती तिने चाळणीत टाकली. "एकदा बोलले होते," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कोटाबद्दल. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. तुम्ही कंपनीतून आणला होतात, वीटकरी रंगाचा. म्हणालात, कसा आहे सांग. मी म्हटलं, रंग फार सुंदर आहे, खांद्यात सैल आहे." तिने एक काळपट मोड बाजूला काढला. "नऊ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

"नऊ दिवस?"

"मला काय करावं कळेना. आईला फोन केला. विचारलं, नवरे किती दिवस बोलत नाहीत."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कोट घाल." मिसुक हसली. त्यात टोमणा नव्हता. तिला आईचा आवाज आठवला होता. "मग घातला. सात हिवाळे घातला."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं आठवेल," ती म्हणाली, आणि पुढची मूठ उचलली.

मी तिथेच बसून राहिलो. कोट मला आठवला. त्याची मोठी शिंगाची बटणं आठवली, तो घालून ती बसथांब्यावर उभी आहे, पदरात मुलीला घ्यावं तसं तिने मुलीला कोटाच्या आत घेतलं आहे, हेही आठवलं. तिला तो शोभत होता, असंच मला आठवत होतं. नऊ दिवस मात्र कुठे सापडेनात. इतके दिवस एका खोलीत दोन माणसं, जेवण, अंथरुण, सकाळ, आणि एक शब्द नाही; त्यातला एखादा तरी दिवस, एखादं तरी जेवण मी शोधत होतो. मिसुकने चाळणी माझ्यासमोर सरकवली. मी मोड उचलून शेपटं खुडायला लागलो. थोड्या वेळाने तिने माझ्या बाजूचे मोड आपल्याकडे ओढून घेतले आणि माझ्याकडून राहून गेलेली शेपटं पुन्हा खुडली.